करंज तेलात कॉपर ऑक्साइडचे नॅनोकण: तळाशी गाळ, तेल हिरवट, ॲसिड व्हॅल्यू चढती

वंगणवाटा

नमस्कार मंडळी. लहान ब्लेंडिंग युनिटसाठी वनस्पती तेलावरची दोन वंगणं बसवायची आहेत. एक एमक्यूएलसाठी, म्हणजे कटिंगच्या जागी अगदी थोड्या तेलाचा बारीक फवारा. गिऱ्हाईक कोल्हापूर भागातली मशीनशॉप. दुसरं उघड्या कन्व्हेयर चेनसाठी. बेस म्हणून घाण्यावरचं करंज तेल, चेनच्या ग्रेडमध्ये व्हिस्कोसिटी वाढवायला एरंडेल.

झीज कमी करायला कॉपर ऑक्साइडची नॅनो पावडर घेतली आहे (पुरवठादाराच्या कागदावर ४० ते ५० नॅनोमीटर), वजनाने ०.५ टक्के. मॅग्नेटिक स्टररवर ढवळायची, मग पार्ट धुवायच्या अल्ट्रासोनिक बाथमध्ये ठेवायची, अशी पद्धत. प्रश्न असे:

१. बरणीत ठेवलं की तळाशी काळा थर बसतो. हलवलं तरी पुरता वर येत नाही. पन्नास नॅनोमीटरचे कण तरंगत राहायला हवेत ना?

२. वरचं तेल हिरवट होतं आणि ॲसिड व्हॅल्यू (ग्रॅमभर तेलातलं आम्ल मारायला किती मिलिग्रॅम पोटॅश लागतं तो आकडा) हळूहळू चढते. पावडर न घातलेल्या तेलात इतकी चढत नाही.

३. फोर-बॉल चाचणीत (तेलात तीन स्थिर गोळ्यांवर चौथी दाबून फिरवतात) ०.५ टक्क्याला स्कार, म्हणजे गोळीवरचा झिजेचा डाग, नुसत्या तेलापेक्षा जरा लहान येतो, १ टक्क्याला मात्र मोठा. जास्त कण म्हणजे जास्त संरक्षण असं का नाही?

४. कॉपर ऑक्साइड सोडून टायटॅनियम डायऑक्साइड, मॉलिब्डेनम डायसल्फाइड, हेक्सागोनल बोरॉन नायट्राइड की ग्राफिन? की हे सगळं सोडून नेहमीचं झेडडीडीपीच (झिंक-फॉस्फरसचं झीजरोधक ॲडिटिव्ह) घालावं?

चौथी_गोळी

हिरवा रंग दिसला तिथेच निदान झालं. कॉपर ऑक्साइड तुमच्या तेलात नुसता तरंगत नाही, तो विरघळतोय. घाण्याच्या करंज तेलात सुटी फॅटी ॲसिडं (एफएफए) भरपूर असतात. ती कॉपर ऑक्साइडशी अभिक्रिया करून कॉपरचा साबण, म्हणजे मुख्यतः कॉपर ओलिएट, तयार करतात आणि पाणी सुटतं. साबण तेलात विरघळतो, म्हणून तेल हिरवं.

हिशेब करून पाहा. ॲसिड व्हॅल्यू १० असेल तर ओलिक ॲसिड धरून एफएफए साधारण ५ टक्के, म्हणजे किलोमागे ५० ग्रॅम. ०.५ टक्के म्हणजे किलोमागे ५ ग्रॅम कॉपर ऑक्साइड. तो सगळा साबणात जायला ओलिक ॲसिड लागतं सुमारे ३५ ग्रॅम. म्हणजे तुमची अख्खी पावडर खाऊन टाकायला पुरेल इतकं आम्ल तेलात आधीपासून आहे. नॅनो असल्यामुळे पृष्ठभाग मोठा, त्यामुळे हे काम मायक्रॉन पावडरीपेक्षा लवकर उरकतं.

विरघळलेलं कॉपर हे तेल खवट करणाऱ्या सगळ्यात वाईट उत्प्रेरकांपैकी एक. हायड्रोपेरॉक्साइड फोडून नवे फ्री रॅडिकल सोडत राहतं. वंगणाचं ऑक्सिडेशन जोखणाऱ्या आरपीव्हीओटी चाचणीत तांब्याच्या तारेचं वेटोळं मुद्दाम ठेवतात ते याचसाठी. तुम्ही तेच वेटोळं बारीक करून तेलात मिसळलं आहे. ॲसिड व्हॅल्यू चढते ती ऑक्सिडेशनने तयार झालेल्या नव्या आम्लांमुळे. आणि आम्ल साबणात गेलं तरी आकडा उतरत नाही, कारण टायट्रेशनमध्ये कॉपरचा साबणही पोटॅश खातो. झिंक ऑक्साइडचंही असंच: तो एफएफएशी सहज साबण करतो, तेल गढूळ आणि जाड होतं. वनस्पती तेलात हे दोन ऑक्साइड टाळा. खनिज तेलातले निष्कर्ष उचलून इकडे लावण्यात हीच गफलत होते. तिकडे आम्लच नसतं.

आता गाळ. पन्नास नॅनोमीटरचा सुटा कण खरंच बसत नाही. स्टोक्सचा नियम लावा: कॉपर ऑक्साइडची घनता ६.३, तेलाची ०.९३, साधारण ३० अंशाला व्हिस्कोसिटी ५० मिलिपास्कल-सेकंद धरली तर ५० नॅनोमीटरचा कण दिवसाला ०.०१३ मि.मी. खाली जातो. ब्राउनीय हालचालीपुढे हे काहीच नाही. पण वेग व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. १ मायक्रॉनची गुठळी दिवसाला ५ मि.मी. जाते, २ मायक्रॉनची २० मि.मी. (गुठळीत तेल अडकलेलं असतं म्हणून प्रत्यक्षात थोडं कमी.) म्हणजे बरणीचा तळ काळा होतोय याचा अर्थ तुमच्या तेलात नॅनोकण नाहीतच, मायक्रॉनच्या गुठळ्या आहेत. पुरवठादाराच्या कागदावरचा ४० ते ५० हा आकडा बहुधा एकेका स्फटिकाचा असतो. पिशवीतली पावडर वाळवतानाच चिकटून आलेली असते. पार्ट धुवायचा बाथ त्या फोडू शकत नाही. ऊर्जा टाकीभर पसरते, बीकरच्या काचेतून आत जाते ती आणखी कमी.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. एक टक्क्याला कण वाढले नाहीत, गुठळ्या वाढल्या. संपर्काच्या तोंडाशी गुठळी अडकली की तेल आत शिरायला अडथळा होतो, आणि आत शिरलीच तर ती घासते. शिवाय कणांना पृष्ठभागावर जागा मिळण्यासाठी तेलाशी स्पर्धा करावी लागते. वनस्पती तेलातला ईस्टर गट आणि एफएफए हे स्वतःच ध्रुवीय, लोखंडावर आधीच चिकटून बसलेले. म्हणून नुसत्या करंज तेलाचं घर्षण मुळात कमी असतं आणि नॅनोकणांना सुधारायला जागा खनिज तेलाइतकी उरत नाही. झेडडीडीपीची अडचणही तीच. खनिज तेलात चालणारा डोस इथे पृष्ठभागापर्यंत पुरेसा पोहोचत नाही, आणि डोस वाढवला की झिंक-फॉस्फरसचा भार वाढून ‘जैवविघटनशील’ म्हणून विकायचं निमित्तच जातं. चेनसाठी नेहमीच्या वाटेनेच जायचं असेल तर इनॅक्टिव्ह सल्फर असलेला सल्फराइज्ड फॅटी ईस्टर बघा. वनस्पती तेलात तो सहज मिसळतो.

तेल_रसायन

वरचं निदान बरोबर. आता दुरुस्ती, आणि तिची सुरुवात पावडरीपासून नाही, तेलापासून. ॲसिड व्हॅल्यू ०.५ च्या खाली आणि पाणी २०० पीपीएमच्या खाली आल्याशिवाय कुठलीही नॅनो पावडर उघडू नका.

डीगमिंग, म्हणजे तेलातला चिकट गम काढणं: तेल ६५ ते ७० अंशाला आणा, ८५ टक्क्यांचं फॉस्फरिक ॲसिड वजनाने ०.१ टक्के, २०-३० मिनिटं ढवळा, मग २ टक्के गरम पाणी, हळू ढवळून गम बसू द्या आणि काढून टाका. पुढे न्यूट्रलायझेशन, म्हणजे कॉस्टिकने आम्ल मारणं. ॲसिड व्हॅल्यू १० असेल तर किलोमागे कॉस्टिक ७.१ ग्रॅम लागतं, त्यावर १०-१५ टक्के जादा. फॉस्फरिकसाठी थोडं वेगळं धरा. कॉस्टिक पाण्यात विरघळवून सावकाश ओता, जोरात ढवळलंत तर इमल्शन होऊन दिवस वाया. साबणाचा थर काढला की गरम पाण्याने धुणं: धुवण फिनॉल्फथॅलीनला गुलाबी येईनासं होईपर्यंत. इथे घाई करू नका. तेलात राहिलेला साबण स्वतःच बाउंडरी वंगणाचं (तेलाची फिल्म टिकत नाही तिथे धातूला चिकटलेल्या पातळ थराने होणारं) काम करतो आणि फोर-बॉलचा आकडा सुधारलेला दाखवतो. श्रेय मात्र नॅनोकणांना जातं. मग व्हॅक्यूमखाली ८०-९० अंशाला वाळवा, १ ते २ टक्के ॲक्टिव्हेटेड ब्लीचिंग माती, गाळणी. ॲसिड व्हॅल्यू २० च्या पुढे असलेलं तेल कॉस्टिकने साफ करायला जाऊ नका, बराच माल साबणासोबत वाहून जाईल. ते आधी ईस्टरिफाय करा किंवा सरळ दुसरं तेल घ्या.

पाण्याचं महत्त्व लोक विसरतात. ऑक्साइड कणांचा पृष्ठभाग पाण्याला ओढणारा. तेलातलं थोडंसं पाणी दोन कणांमध्ये पूल बांधतं आणि गुठळी पक्की होते. गरम तव्यावर थेंब तडतडला नाही म्हणजे तेल कोरडं, असं समजू नका. ती चाचणी साधारण ५०० पीपीएमच्या खाली गप्प बसते. पाणी मोजायची कार्ल फिशर चाचणी करून घ्या.

अँटिऑक्सिडंट पावडरीच्या आधी घाला, ६०-७० अंशाला: बीएचटी किंवा अल्किलेटेड डायफेनिलअमाइन ०.५ टक्के. चेन तापत असेल तर दुसरं. बीएचटी गरम जागी उडून जातं. जोडीला तेलात विरघळणारा टॉलिलट्रायझोल डेरिव्हेटिव्ह ०.०५ टक्के, म्हणजे मशीनमधल्या पितळ-गनमेटलपासून येणारं कॉपर तरी आवरतं.

आता कण पसरवणं. डिस्पर्संट (कण सुटे ठेवणारं द्रव्य) किती घालायचा, याला अंदाज नको, हिशेब आहे. ओलिक ॲसिडचा एक रेणू पृष्ठभागावर साधारण ०.२५ चौरस नॅनोमीटर जागा व्यापतो. पावडरीचं विशिष्ट क्षेत्रफळ ग्रॅमला ५० चौरस मीटर असेल (२० नॅनोमीटरच्या टायटॅनियम डायऑक्साइडचं तेवढं असतं) तर एकेरी थराला ग्रॅम पावडरीमागे ओलिक ॲसिड ०.१ ग्रॅमच्या आसपास पुरतं. लोक तेलाच्या वजनाच्या १ टक्का घालतात. म्हणजे ०.१ टक्के पावडरीला लागतं त्याच्या शंभर पट! उरलेलं सगळं सुटं आम्ल. आपण कॉस्टिकने काढलं तेच परत ओतलं.

ऑक्साइडवर लेप बाहेर द्यावा: पावडर ११० अंशाला दोन तास वाळवायची, टोल्युइनमध्ये ओलिक ॲसिडसोबत ६०-७० अंशाला काही तास ढवळायची, सेंट्रिफ्यूज, इथेनॉलने दोनदा धुणं, वाळवणं. लेप बसला की नाही याची सोपी खूण: चिमूटभर पावडर पाण्यावर टाका. लेप असेल तर वर तरंगते, नसेल तर ओली होऊन बुडते. मॉलिब्डेनम डायसल्फाइड आणि बोरॉन नायट्राइडला हे लागू नाही. त्यांच्या चपट्या बाजू निष्क्रिय, ओलिक फक्त कडांना धरतं. तिथे पॉलिआयसोब्युटिलीन सक्सिनिमाइड वापरा, पावडरीच्या वजनाच्या निम्म्यापासून सुरुवात करा.

सोनिकेशन, म्हणजे अल्ट्रासोनिक लहरींनी गुठळ्या फोडणं, बाथमध्ये नाही, तेलात बुडवायच्या प्रोबने. शंभर ग्रॅम तेल, १३ मि.मी.ची प्रोब, २० किलोहर्ट्झ, ५ सेकंद चालू ५ सेकंद बंद, बीकर बर्फाच्या पाण्यात. तेल ४० ते ५० अंशात ठेवा. फार थंड झालं तर जाड होऊन कॅव्हिटेशनच होत नाही, गरम झालं तर तेल जळकट वास मारायला लागतं. चालू वेळ २०-३० मिनिटं, आणि कणांचा आकार लहान होणं थांबलं की थांबा. पुढचं सगळं सोनिकेशन तेलाचं ऑक्सिडेशन आणि ग्राफिनच्या पापुद्र्यांचा चुरा. प्रोबचं टोक झिजून टायटॅनियमचा चुरा तेलात येतो, टोक खडबडीत दिसलं की पॉलिश करा.

पिंपभर मालाला प्रोब कामाची नाही. पाच टक्क्यांचा मास्टरबॅच (नंतर पातळ करायचं दाट मिश्रण) बीड मिलमध्ये ०.३ ते ०.५ मि.मी.च्या झिर्कोनिया मण्यांनी दळा, मग गरम बेसमध्ये हाय-शिअर मिक्सरखाली पातळ करा. उलटं, म्हणजे कोरडी पावडर थेट पिंपात, कधीच नाही. उप्पीटाच्या आधणात रवा एकदम ओतल्यासारखं होतं, वरून ओली आणि आत कोरडी गुठळी. मिलच्या मण्यांचा झिर्कोनिया तेलात उतरतोय का ते एकदा तपासून घ्या. तो कठीण आहे, सगळ्या मेहनतीवर पाणी फिरवेल.

वंगणवाटा

फार उपयोगी, धन्यवाद. मग पावडर कोणती? आणि फोर-बॉलचा ‘जरा लहान’ स्कार किती खरा मानायचा?

चौथी_गोळी

दुसरा प्रश्न आधी, कारण पहिल्याचं उत्तर त्यावर अवलंबून आहे.

एएसटीएम डी ४१७२ च्या बी अटी: १२.७ मि.मी.च्या ५२१०० पोलादाच्या गोळ्या, ३९२ न्यूटन, मिनिटाला १२०० फेरे, ७५ अंश, एक तास. या भाराला नुसत्या दाबाने, शून्य झिजेला, हर्ट्झच्या सूत्रानुसार संपर्काचा व्यास ०.३० मि.मी. येतो आणि मधोमध दाब सुमारे ३.४ गिगापास्कल. म्हणजे ०.३० च्या वरचं तेवढंच तुमची झीज. आणि त्याच मानकात एकाच माणसाने एकाच यंत्रावर केलेल्या दोन चाचण्यांत चालणारा फरक दिला आहे: ०.१२ मि.मी. दोन वेगळ्या प्रयोगशाळांत ०.२८. तुमचा ‘जरा लहान’ ०.१२ च्या आत बसत असेल तर एका चाचणीवरून तो फरक आहे असं म्हणता येणार नाही. छापून येणाऱ्या कित्येक ‘१५ टक्के सुधारणा’ या रेषेच्या आतल्या असतात.

याची दुसरी बाजूही सांगतो. स्कारचा व्यास फसवा असतो. झिजलेलं आकारमान साधारण व्यासाच्या चौथ्या घातात जातं, त्यामुळे ०.६० चा ०.५४ झाला तर व्यास १० टक्के घटतो, आकारमान ३० टक्क्यांहून जास्त. म्हणून पुरेशा वेळा चाचणी करून लहान फरक खरा ठरला तर तो मोलाचा असतो. दोन्ही बाजूंनी फसगत टाळायची तर चाचणी नीट मांडा.

पाच नमुने लागतात: (१) साफ तेल; (२) तेच तेल पावडर न घालता तितकाच वेळ सोनिकेट केलेलं; (३) तेल आणि डिस्पर्संट; (४) तेल, डिस्पर्संट आणि नॅनो पावडर; (५) त्याच पदार्थाची मायक्रॉन पावडर घातलेलं. दुसरा नमुना बहुतेक लोक वगळतात. सोनिकेशनने तेलात ध्रुवीय ऑक्सिडेशन उत्पादनं होतात आणि ती स्वतःच स्कार बदलतात. प्रत्येक नमुना किमान तीनदा, क्रम चिठ्ठ्या टाकून. गोळ्या हेप्टेन आणि मग ॲसिटोनने धुतलेल्या, दर वेळी नव्या. खालच्या तिन्ही गोळ्यांवर दोन दिशांनी माप, सहाची सरासरी. घर्षण गुणांक टॉर्कवरून: टॉर्क गुणिले ०.८१६५, भागिले भार आणि ३.६७ मि.मी. यांचा गुणाकार.

नमुना बाटली हलवून काढलात तर नुकत्याच ढवळलेल्या तेलाची आदर्श स्थिती मोजाल. गिऱ्हाइकाच्या शेल्फवरची नाही. एकदा हलवून आणि एकदा महिनाभर न हलवता वरच्या तिसऱ्या भागातून, असे दोन्ही करा.

स्कार सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. फिरण्याच्या दिशेने खोल समांतर चरे असतील तर कण घासतायत. कडा गुळगुळीत आणि पृष्ठभागावर डागासारखा पातळ थर असेल तर ट्रायबोफिल्म, म्हणजे घासण्यातून तयार झालेला संरक्षक थर, झाली आहे. ईडीएसला (पृष्ठभागावरची मूलद्रव्यं ओळखणारी तपासणी) देण्याआधी गोळी सॉल्व्हंटमध्ये नीट धुवा. नाहीतर नुसते पडलेले कण ‘फिल्म’ म्हणून मोजले जातात.

आता पावडर. नॅनोकण बेअरिंगच्या गोळ्यांसारखे लोळतात हे चित्र फार लोकप्रिय आहे. १९९२ मध्ये इस्रायलच्या वाइझमन संस्थेत रेशेफ तेन्ने यांच्या गटाने टंगस्टन डायसल्फाइडचे कांद्यासारखे बंद गोल कण दाखवले आणि तिथून ते पसरलं. पण तेच कण दाबाखाली सोलून निघतात आणि त्यांचे पापुद्रे पृष्ठभागावर चिकटतात, हे पुढच्या कामात दिसलं. ३.४ गिगापास्कलखाली ऑक्साइडचा कण लोळत बसेल यावर माझा विश्वास नाही. तो चुरडतो, खड्ड्यात दाबला जातो किंवा पोलादात रुततो.

म्हणून माझी पसंती थरदार पदार्थांना. मॉलिब्डेनम डायसल्फाइड: मऊ, फिल्म चांगली, एफएफएशी भांडत नाही, दोष म्हणजे घनता ५ च्या आसपास आणि काळा रंग. बोरॉन नायट्राइड: पांढरा, घनता २.२ च्या आसपास, म्हणून त्याच आकाराला बसण्याचा वेग कॉपर ऑक्साइडच्या पाव. पण पोलादावर चिकटून राहण्यात मॉलिब्डेनमपेक्षा कच्चा. टायटॅनियम डायऑक्साइड प्रयोगशाळेत चालतो, पण मऊ धातूच्या जोडीला नको. ॲल्युमिना तर नकोच, ते पॉलिशिंगचं द्रव्य आहे. ग्राफिनच्या नावाने बाजारात मिळणारा माल बऱ्याचदा बारीक ग्राफाइट असतो. थर किती आहेत ते दाखवणारा रामन वर्णपट मागा, पुरवठादाराने टाळाटाळ केली तर सोडून द्या.

डोस ०.०५, ०.१, ०.२५, ०.५ असा चढता लावा आणि वक्र वर वळायला लागला की मागे या. नीट पसरलेली पावडर असेल तर ०.१ च्या आसपासच भागतं.

स्पिंडल_आणि_टॅप

एमक्यूएलबाबत मशीनच्या बाजूने काही. वनस्पती तेलात नॅनोकण घालायला सगळ्यात सोयीची जागा हीच, कारण तेल एकदाच वापरून संपतं. महिनोन्महिने संपमध्ये (मशीनच्या तेलाच्या टाकीत) फिरायचं नाही, १० मायक्रॉनच्या फिल्टरमधून जायचं नाही. हायड्रॉलिकला हे तेल कुणी सुचवलं तर नकार द्या: फिल्टर गुठळ्या गोळा करतो म्हणजे तुम्ही पैसे देऊन घातलेलं ॲडिटिव्ह फिल्टर काढून टाकतो, आणि काळ्या तेलात प्रकाशावर चालणारा पार्टिकल काउंटर आंधळा होतो. मग स्वच्छतेचा आयएसओ ४४०६ कोड कशावरून देणार?

एमक्यूएलला तेल पातळ हवं, ४० अंशाला ५० सेंटिस्टोकच्या आत. करंज बसतं. एरंडेल अडीचशेच्या घरात, त्याचा फवाराच होत नाही. प्रवाह तासाला २० ते १०० मि.लि., हवा ४ ते ६ बार, नोझल कटिंगच्या कडेपासून २० ते ५० मि.मी., चिप ज्या बाजूने निघते तिच्या उलट, फ्लँकच्या (टूलच्या कामाला घासणाऱ्या) बाजूने. बिघाड ठरलेले: नीडल व्हॉल्व्ह आणि आतली बारीक नळी तुंबते, पिस्टन पंपाचे सील झिजतात. टाकीत मंद ढवळणी ठेवा, आणि सुट्टीआधी लाइनमधून साधं, कण नसलेलं तेल पाच-दहा मिनिटं सोडा. लाइन भरलेली ठेवून गेलात की सोमवारी नोझल बंद.

बेडवर आणि दारांवर पिवळट चिकट थर धरतो तो नॅनोकणांचा दोष नव्हे, तेलातल्या लिनोलिक-लिनोलेनिकचा. पातळ थरात ते हवेत वाळतं. करंजात हे सोयाबीनपेक्षा कमी, पण शून्य नाही. म्हणूनही अँटिऑक्सिडंट हवं.

कोल्हापूरचा माल म्हणजे बराचसा ग्रे कास्ट आयर्न. त्याला एमक्यूएलचा आग्रह धरू नका. त्यात ग्राफाइट आहेच आणि तो कोरडाच छान कापला जातो. तेल लावलं की बारीक चुऱ्याचा चिखल होऊन स्लाइडवर बसतो. गिऱ्हाईक शोधायचं तर एसजी आयर्न (गोलसर ग्राफाइटचं चिवट बीड) आणि पोलादाच्या ड्रिलिंग-टॅपिंगमध्ये.

आणि आरोग्य. तुम्ही नॅनोकण हवेत फवारताय, हे विसरू नका. टायटॅनियम डायऑक्साइड श्वासातून गेल्यास मानवात कर्करोगाची शक्यता असलेल्या २बी गटात आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने टाकला आहे, आणि अमेरिकेच्या नायॉश या कामगार-आरोग्य संस्थेने २०११ मध्ये अतिसूक्ष्म टायटॅनियम डायऑक्साइडसाठी घनमीटरला ०.३ मिलिग्रॅमची मर्यादा सुचवली. जाड्या कणांसाठी २.४. बंद केबिन, मिस्ट एक्स्ट्रॅक्टर आणि त्यामागे हेपा फिल्टर नसेल तर नॅनो एमक्यूएल विकू नका. त्याहून धोक्याची जागा ब्लेंडिंगची: कोरडी पावडर तोलताना. पंखा बंद, हूडखाली, पी१०० मास्क, सांडलेलं ओल्या फडक्याने पुसायचं, झाडूने नाही. शक्य असेल तर पावडर विकतच घेऊ नका, तेलात पसरवलेली पेस्ट घ्या.

शेवटी माझं मत: आधी साफ केलेलं करंज तेल, अँटिऑक्सिडंटसह, कणांशिवाय चालवून बघा. नोझलची दिशा आणि प्रवाह नीट लावला तर टूल लाइफमध्ये मिळणारा फरक बऱ्याचदा कणांपेक्षा मोठा असतो.

गळीत_हंगाम

विषय निघालाच आहे तर: साखर कारखान्यात ऊस पिळणाऱ्या मिलच्या रोलरच्या बेअरिंगला असं तेल चालेल का? तिथेही तेल एकदाच वापरलं जातं, आणि ठिबकून उसाच्या रसात-चोथ्यात जातं, म्हणून वनस्पती तेल बरं वाटतं.

चौथी_गोळी

विचार चांगला, पण तिथे नॅनो नको. मिलचा रोलर मिनिटाला पाच-सहा फेरे, भार प्रचंड, गनमेटलचं बेअरिंग, म्हणजे पूर्ण बाउंडरी वंगण. जर्नलचा खडबडीतपणा फोर-बॉलच्या गोळीच्या मानाने कितीतरी मोठा. पन्नास नॅनोमीटरचा कण त्या खोबणीत कुठे हरवतो कळणारही नाही. एरंडेलासारख्या जाड बेसमध्ये २ ते ५ मायक्रॉनचा मॉलिब्डेनम डायसल्फाइड किंवा ग्राफाइट काही टक्के, त्याची किंमतही कमी. जाड तेलात तो बसतोही सावकाश. ३० अंशाला एरंडेलाची व्हिस्कोसिटी करंजाच्या आठ-नऊ पट. ॲक्टिव्ह सल्फरचं ईपी (अतिदाबाचं) ॲडिटिव्ह मात्र घालू नका, गनमेटल काळं पडून खाल्लं जातं. १०० अंशाला तांब्याच्या पट्टीची चाचणी, तीन तास, हे आधी करा. आणि रसात जाणार म्हणजे ॲडिटिव्ह फूड-ग्रेड यादीतलं आहे का ते पुरवठादाराकडून लेखी घ्या, तोंडी नको.

वंगणवाटा

कॉपर ऑक्साइड बंद. करंजाचं न्यूट्रलायझेशन आणि पाच नमुन्यांची मांडणी करतो, एमक्यूएलला आधी कणांशिवाय. चेनसाठी मॉलिब्डेनम ०.१ टक्क्यापासून. काळ्या तेलात बसलं की नाही हे बरणीकडे बघून कळणार नाही, ते कसं मोजायचं?

तेल_रसायन

उभ्या नळीत ठेवा, वरच्या आणि खालच्या तिसऱ्या भागातून पिपेटने तितकंच वजन काढा आणि मुशीत जाळून राख तोला. मॉलिब्डेनम डायसल्फाइड जळून ट्रायऑक्साइड होतो आणि तो ७०० अंशाच्या आसपास उडायला लागतो, म्हणून भट्टी ५०० ते ५५० वरच ठेवा. नेहमीच्या ७७५ च्या सल्फेटेड ॲशच्या पद्धतीने आकडा खोटा कमी येईल. राखेचं वजन गुणिले १.११ केलं की मूळ डायसल्फाइड मिळतो. ०.१ टक्क्याला राख फारच थोडी येते, तेव्हा मुशीत किमान २० ग्रॅम तेल घ्या, थोडं थोडं करून, नाहीतर उकळून बाहेर येतं. सोबत पावडर न घातलेल्या तेलाची राख काढून वजा करा, कारण धुण्यात राहिलेल्या साबणाचा सोडियम त्यात असतो.